पगारवाढीचा ठराव करण्याआधी निर्देशांक वाचा: कोल्हापूर जिल्ह्यातील सहकारी संस्थांच्या संचालक मंडळांना खुले पत्र

प्रति,
माननीय चेअरमन, व्हाइस चेअरमन आणि सर्व संचालक,
पतसंस्था, नागरी बँका, दूध संस्था, विकास सेवा संस्था व ग्राहक भांडारे,
कोल्हापूर जिल्हा.

सप्रेम नमस्कार.

मार्चअखेर जवळ आली की तुमच्या कार्यालयांत ताळेबंदाची धांदल सुरू होते आणि त्याच सुमारास नोकरांच्या पगाराचा विषय अजेंड्यावर येतो. या विषयावर गेल्या काही महिन्यांत एकच वाक्य वेगवेगळ्या संस्थांतून माझ्या कानावर आलं: ‘महागाई तर पाव टक्क्यावर आली आहे, आता पगारवाढ कशाची मागता?’ एका पतसंस्थेत दोन वर्षं पगार जागच्या जागी ठेवल्यानंतर महिना १२,००० रुपये घेणाऱ्या लिपिकाला २०० रुपये वाढ मिळाली. वर त्याला सांगण्यात आलं की पाव टक्क्यानं हिशेब केला तर ३० रुपयेच निघतात, तुला तर त्याच्या सहापटीहून जास्त दिलेत. टेबलावर वर्तमानपत्राचं कात्रण होतं. लिपिकाला काय बोलावं ते सुचलं नाही, तो सही करून बाहेर आला.

कात्रणातला आकडा खरा होता. त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. आणि त्या चुकीची किंमत दर महिन्याला एक घर मोजत आहे, म्हणून हे पत्र.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. तुमच्या संस्थांमधले कितीतरी अकाउंटंट, शाखाधिकारी आणि काही संचालकही माझ्या वर्गात बसलेले आहेत. त्या नात्यानं थोडं सविस्तर लिहिते.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय दर महिन्याच्या १२ तारखेच्या सुमारास आदल्या महिन्याचा ग्राहक किंमत निर्देशांक जाहीर करतं, म्हणजे घरखर्चातल्या वस्तूंची भावपातळी दाखवणारा आकडा. वर्तमानपत्रात मात्र ठळक अक्षरात येतो तो निर्देशांक नव्हे, तर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या तुलनेत तो किती टक्के बदलला ते. ऑक्टोबर २०२५ साठी हा बदल ०.२५ टक्के होता, २०१२ हे आधारवर्ष (ज्या वर्षाचे भाव १०० धरतात ते) असलेल्या मालिकेतला सगळ्यात कमी. म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या का? नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये जे भाव होते, त्यांच्या सरासरीत वर्षभरात जवळपास काही भर पडली नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण ऑक्टोबर २०२४ चे भाव कसले होते? त्या महिन्यात महागाईचा दर ६.२१ टक्के होता आणि एकट्या भाज्या वर्षभरात ४२ टक्क्यांनी महागल्या होत्या. आधीच चढलेल्या आकड्याशी तुलना केली की पुढचा बदल लहानच दिसणार.

तुम्ही सगळे पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचे आकडे तासातासाला बघणारे आहात. पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका. समजा पातळी ४३ फुटांवर गेली आणि रात्रभर तिथेच थांबली, तर सकाळी ‘वाढ शून्य’ अशी बातमी येईल आणि ती खरी असेल. तेवढ्यावरून सुतारवाड्यातलं किंवा प्रयाग चिखलीतलं कुणी सामान घेऊन घरी परत जाणार नाही. घरात पाणी किती आहे ते पातळी सांगते, वाढीचा वेग सांगत नाही. पगार ठरवताना तुम्ही वेग बघता आणि पातळी विसरता.

आता पातळी बघू. २०१२ ला १०० धरलं तर देशाचा एकत्रित (ग्रामीण व शहरी मिळून) निर्देशांक ऑक्टोबर २०२३ मध्ये १८५.३ होता, ऑक्टोबर २०२४ मध्ये १९६.८ आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये १९७.३. या तीन आकड्यांत सगळा हिशेब आहे. त्या लिपिकाचा १२,००० पगार ऑक्टोबर २०२३ चा धरा. तेवढ्याच वस्तू घ्यायला त्याला वर्षभरानं १२,७४५ रुपये लागत होते आणि दोन वर्षांनी १२,७७७. हातात आले १२,२००. म्हणजे दरमहा ५७७ रुपयांची तूट, वर्षाला सात हजारांच्या जवळ. पगारवाढ झाली असं इतिवृत्तात लिहिलं गेलं, पण या माणसाचा पगार कमी झाला आहे.

यातला ७४५ रुपयांचा खड्डा पहिल्याच वर्षी पडला होता, हे मला जास्त खटकतं. त्या वर्षी महागाई सहा टक्क्यांवर असल्याची बातमी त्याच वर्तमानपत्रात, त्याच जागी छापून आली होती. तेव्हा कात्रण टेबलावर आलं नाही. आकडा मोठा असताना तो बघायचा नाही आणि लहान झाला की दाखवायचा, असं होत असेल तर तो हिशेब म्हणता येत नाही.

काही दूध संस्थांमध्ये आणि सेवा संस्थांमध्ये परिस्थिती याहून बिकट आहे. सचिव, टेस्टर, शिपाई यांचं मानधन एकदा ठरलं की वर्षानुवर्षं तेच चालतं. २०१२ साली ६,००० रुपये ठरवलं असेल, तर तेवढ्याच किमतीचं मानधन ऑक्टोबर २०२५ मध्ये ११,८३८ रुपये व्हायला हवं होतं. हे केलं तरी त्यांना एक पैसाही वाढ मिळालेली नसती. फक्त २०१२ मध्ये घरात जेवढं येत होतं तेवढंच येत राहिलं असतं.

निर्देशांकावरच विश्वास नाही, असंही ऐकते. ‘ते आकडे दिल्लीत बसून करतात, आमच्या कपिलतीर्थ मार्केटात येऊन बघा’ असं म्हणणारे संचालक मला भेटले आहेत. त्यांची शंका रास्त आहे, म्हणून हे मोजमाप कसं होतं ते सांगते.

२०१२ च्या मालिकेसाठी देशातल्या ३१० शहरांतल्या १,११४ बाजारांतून आणि १,१८१ गावांतून भाव गोळा केले जात. भाव विचारणारा माणूस कुठल्याही दुकानात शिरून काहीही विचारत नाही. दुकान ठरलेलं, वस्तू ठरलेली, तिची प्रत आणि वजनही ठरलेलं. गेल्या महिन्यात एका विशिष्ट प्रतीच्या तांदळाचा किलोचा भाव घेतला असेल, तर या महिन्यात त्याच प्रतीचा घ्यायचा. लक्ष्मीपुरीत तुम्ही स्वतः धान्य घेत असाल तर हे का आवश्यक आहे ते कळेल. प्रत बदलली की भाव बदलतो, आणि तो बदल महागाईचा नसतो. एकेका वस्तूसाठी वेगवेगळ्या बाजारांतल्या भावांचा आधारवर्षाशी भागाकार करून त्यांची भूमितीय सरासरी काढतात. एखाद्या दुकानात भाव अचानक उसळला तरी ही सरासरी त्याच्यामागे फरपटत जात नाही.

यानंतर येतात भार, आणि पगाराच्या दृष्टीनं हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी. मीठ दुप्पट झालं आणि घरभाडं दुप्पट झालं, या दोन गोष्टी घराला सारख्या लागत नाहीत. म्हणून कुटुंबांच्या खर्चाची देशभर पाहणी करून कुठल्या गोष्टीवर खर्चातला किती हिस्सा जातो ते काढतात आणि त्या प्रमाणात त्या वस्तूला वजन देतात. आधारवर्षातली वजनं कायम ठेवून पुढचे भाव मोजण्याची ही रीत जर्मन अर्थतज्ज्ञ एतिएन लास्पेयर्स यांनी १८७१ मध्ये मांडली. २०१२ च्या मालिकेत खाद्यपदार्थ आणि पेयांचा भार ग्रामीण भागासाठी ५४.१८ टक्के होता, शहरी भागासाठी ३६.२९. घरभाड्याचा भार शहरात २१.६७ टक्के होता, आणि ग्रामीण निर्देशांकात घरभाडं धरलंच जात नव्हतं. म्हणजे राधानगरीच्या दूध संस्थेतला मापाडी आणि राजारामपुरीतल्या बँकेतला कॅशियर यांच्यासाठी एकच टक्का लावणं मुळातच बरोबर नाही. सरकार ग्रामीण, शहरी आणि एकत्रित असे तीन निर्देशांक देतं, तेही राज्यवार. महाराष्ट्राचा ग्रामीण आकडा गावातल्या संस्थेसाठी जास्त जवळचा आहे. तो कुणी बघत नाही.

शंकेखोर संचालकांचं एक म्हणणं मात्र मान्य करायला हवं. निर्देशांक हा सरासरी कुटुंबाचा असतो, आणि तुमचा शिपाई सरासरी कुटुंबात मोडत नाही. उत्पन्न जितकं कमी, तितका खर्चातला अन्नाचा हिस्सा जास्त. भाज्या आणि डाळी भडकल्या की त्याच्या घरची महागाई छापील आकड्यापेक्षा जास्त असते. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो भडकले तेव्हा छापील दर ७.४४ टक्के होता आणि एकूण खाद्यपदार्थांचा ११ टक्क्यांच्या वर. त्या महिन्यात शिपायाच्या घरातला आकडा कुठल्या बाजूला झुकला असेल ते सांगायला नको.

उलट बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे सांगते. ऑक्टोबर २०२५ मध्ये खाद्यपदार्थांचे भाव आदल्या वर्षाच्या तुलनेत ५.०२ टक्क्यांनी कमी होते. त्याच काळात गुजरीत, म्हणजे आपल्या सराफ बाजारात, सोन्याचे भाव नवनवे उच्चांक करत होते, आणि सोनंही निर्देशांकात असतं (जुन्या मालिकेत त्याचा भार १.०८ टक्के होता). तुमचा शिपाई सोनं घेत नाही, भाजी घेतो. म्हणजे त्या एका वर्षात त्याला छापील आकड्यापेक्षा थोडा जास्त दिलासा मिळाला असणार. पण त्याच खाद्यपदार्थांचे भाव ऑक्टोबर २०२४ मध्ये १०.८७ टक्क्यांनी चढलेले होते. चढ आणि उतार दोन्ही धरले तरी दोन वर्षांत अन्न सव्वापाच टक्क्यांच्या वर महागच राहिलं. म्हणूनच माझा आग्रह आहे की एखादा सोयीचा महिना उचलू नका. नोकरांनीही उचलू नये. टोमॅटो भडकल्याचा महिना दाखवून कुणी कर्मचारी पगारवाढ मागू लागला तर त्यालाही मी हेच सांगेन.

आता एक गोष्ट तुमच्यातल्या शेतकऱ्यांना उद्देशून. तुमच्या मंडळावर बहुतेक जण ऊस आणि दूध उत्पादक आहेत. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत खताची गोणी कितीला झाली, डिझेल कितीला झालं, तोडणी-वाहतूक किती वाढली याचा पैपैचा हिशेब मांडून आपण दर मागतो. २०२३-२४ च्या हंगामात १०.२५ टक्के साखर उताऱ्याला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, टनाला ३,१५० रुपये होती, २०२५-२६ साठी ३,५५० झाली. दोन हंगामांत साडेबारा टक्क्यांहून थोडी जास्त वाढ, आणि ती पुरत नाही असं आपण रस्त्यावर उतरून सांगतो. ते सांगण्याचा आपल्याला हक्क आहे. खर्च वाढला तर दर वाढला पाहिजे, हे तत्त्व उसाच्या फडात लागू असेल तर संस्थेच्या काउंटरमागे बसलेल्या माणसालाही लागू आहे. त्याच्याकडे ऊस परिषद नाही, एवढाच फरक.

महागाईला पगार जोडणं ही काही नवी किंवा परदेशी कल्पना नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता श्रम ब्युरोच्या औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकावर ठरतो. २०१६ हे त्याचं आधारवर्ष, देशातल्या ८८ केंद्रांतून त्याचे भाव येतात आणि बारा महिन्यांची सरासरी घेऊन भत्ता काढला जातो. महाराष्ट्रात किमान वेतनावरचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, तोही ग्राहक किंमत निर्देशांकावरच. मुंबईच्या कामगारांनी तर निर्देशांकातच चूक आहे म्हणून १९६३ साली आंदोलन केलं होतं. सरकारला अर्थतज्ज्ञ डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली आणि निर्देशांक दुरुस्त करावा लागला. निर्देशांकात थोडा फरक पडला तर हजारो घरांच्या चुलीवर त्याचा परिणाम होतो, हे त्या गिरणी कामगारांना नीट माहीत होतं. साठ वर्षांनंतर आपल्या सहकारी संस्थांच्या सभांमध्ये निर्देशांक हा शब्दसुद्धा उच्चारला जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

पेन्शनचंही तसंच. तुमच्या ठेवीदारांत ईपीएस-९५ (कर्मचारी पेन्शन योजना, १९९५) खाली पेन्शन घेणारे किती आहेत, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्यांना किमान पेन्शन १,००० रुपये, २०१४ पासून तेवढीच. तिला महागाई भत्ता जोडलेला नाही. तो प्रश्न दिल्लीचा आहे, तुमच्या हातात नाही. पगाराचा प्रश्न तुमच्या हातात आहे.

एक सावधगिरी. २०२४ हे आधारवर्ष धरून ग्राहक किंमत निर्देशांकाची नवी मालिका सुरू झाली आहे आणि तिचे भार २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीवरून घेतलेत. त्या पाहणीत अन्नावरच्या खर्चाचा हिस्सा ग्रामीण भागात ४७ टक्के, शहरात जवळपास ४० टक्के निघाला, २०११-१२ पेक्षा कमी. त्यामुळे खाद्यपदार्थांचं वजन घटलं आहे. हे योग्यच आहे, कारण मोबाइल, प्रवास, दवाखाना, शाळा यांवरचा खर्च खरोखर वाढला आहे. पण नव्या मालिकेत २०२४ म्हणजे १००, त्यामुळे छापील निर्देशांक १९७ च्या आसपासवरून एकदम शंभरच्या आसपास आलेला दिसतो. उद्या कुणी संचालक दोन्ही आकडे शेजारी ठेवून ‘निर्देशांक निम्मा झाला’ म्हणाला तर त्याला थांबवा. जुनी आणि नवी मालिका जोडायला जोडगुणक असतो, त्यानं गुणल्याशिवाय दोन मालिकांची तुलना करायची नसते. कामगारांच्या निर्देशांकाचं आधारवर्ष २००१ वरून २०१६ वर आलं तेव्हा हा गुणक २.८८ होता. तो लावला नसता तर देशभरातले भत्ते कोसळले असते.

‘संस्थेला परवडत नाही’ हे कारण खरं असू शकतं. थकबाकी वाढली, ठेवी कमी झाल्या, नफा घटला, मला यातलं काही नाकारायचं नाही. पण मग तेच सांगा. संस्थेची परिस्थिती अशी आहे, पूर्ण भरपाई देता येत नाही, एवढी देतो, उरलेली पुढच्या वर्षी बघू. कर्मचाऱ्याला हे कळतं, कारण ताळेबंद तोच तयार करतो. त्याला जे सहन होत नाही ते हे, की त्याच्या घरात महागाई झालीच नाही असं त्याला चारचौघांत सांगितलं जातं.

तुमच्याकडून मला हवं आहे ते थोडं आहे. पगार किंवा मानधन ठरवणाऱ्या प्रत्येक ठरावात त्या महिन्याचा निर्देशांक लिहून ठेवा, कुठल्या मालिकेचा आणि ग्रामीण की शहरी तेही. पुढच्या वर्षी एका महिन्याच्या आकड्याऐवजी बारा महिन्यांची सरासरी घ्या आणि जुन्या सरासरीशी भागाकार करा. जे उत्तर येईल तेवढी भरपाई पहिल्यांदा द्या, आणि चांगल्या कामाची वाढ, बढती, दिवाळीचा बोनस हे त्यानंतर वेगळं मोजा. भरपाई आणि वाढ एकाच रकमेत घातल्या की दोन्हींचा हिशेब हरवतो. आणि हे करताना सगळ्यात कमी पगाराच्या माणसापासून सुरुवात करा, कारण त्याच्या पगारातला जास्तीत जास्त हिस्सा महिना संपायच्या आत अन्नावर संपतो.

ठरावाची भाषा अशी ठेवता येईल: ‘संस्थेच्या सेवकांचे मूळ वेतन व मानधन महाराष्ट्राच्या ग्राहक किंमत निर्देशांकाच्या बारा महिन्यांच्या सरासरीशी जोडण्यात यावे, व दरवर्षी एप्रिलमध्ये त्यानुसार सुधारणा करण्यात यावी.’ यावर्षी मंडळाच्या सभेपुढे सचिवांनी दोनच आकडे ठेवावेत: पगार शेवटचा ठरला त्या महिन्याचा निर्देशांक, आणि आजचा, दोन्ही एकाच मालिकेत आणलेले. भागाकार करायला पाच मिनिटं लागतात. ज्या संस्थेला मदत हवी असेल तिथे माझे जुने विद्यार्थी आहेतच, आणि मीही येईन.

आपली,
एक निवृत्त संख्याशास्त्र शिक्षिका आणि सभासद,
कोल्हापूर